ओवीची वही

९ जानेवारी २०२३, सोमवार

सकाळी हार्नेस चढवताना छातीचा पट्टा नेहमीच्या भोकात बसेना. एक भोक सैल करावं लागलं. ओवी सुटलीय, खाण्याकडे लक्ष द्यायला हवं, असं मनात म्हणत मी निघालेच होते, पण हात सवयीनं तिच्या गळ्याखाली गेला आणि तिथेच थांबला. जबड्याखाली दोन्ही बाजूंना एकेक गाठ. गुळगुळीत, टणक, बोटाखालून सरकणारी. दाबलं तर तिनं हूं की चूं केलं नाही. मी खाजवतेय असं वाटून उलट मान वर केली. मग खांद्यांच्या पुढे चाचपलं, तिथेही गाठी. मागच्या पायांच्या गुडघ्यांमागे, तिथेही. पट्टा चरबीमुळे नव्हे, खांद्यापुढच्या गाठींमुळे अडत होता.

मला दिसत नाही. ओवी २०१८ पासून माझी मार्गदर्शक कुत्री आहे. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हरचा संकर, वय ६ वर्षं १० महिने, वजन २८ किलो. रोज ब्रश करताना तिच्या अंगभर माझा हात फिरतो. गेले चार दिवस मात्र मी घाईघाईत वरवर ब्रश केला होता.

आणखी एक गोष्ट कबूल करून ठेवते. हार्नेसच्या दांड्यातून मला तिची ओढ कळते. ती किती जोरानं, किती मनापासून पुढे नेतेय ते सगळं त्या दांड्यात येतं. ही ओढ तीन आठवड्यांपासून कमी झाली होती. मला वाटलं, वयानुसार पोक्त झाली. धाकट्या बहिणीला मी ते कौतुकानं सांगितलंही होतं.

आजपासून ही वही. तारीख, काय केलं, काय कळलं, पुढे काय करायचं. ऑफिसात प्रकल्पाच्या नोंदी ठेवते तशाच इथे ठेवणार. डोक्यात ठेवलं तर मी घाबरून जाईन.

१० जानेवारी

काल रात्री प्रशिक्षण केंद्राच्या पशुवैद्यांशी फोनवर बोलले. त्यांनी एक गोष्ट तीनदा बजावली: निदान होईपर्यंत स्टेरॉइड द्यायचं नाही. हा लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग असेल, तर स्टेरॉइडनं गाठी तात्पुरत्या बसतात, नमुना फसवा येतो आणि पुढे केमोथेरपीला रोग दाद देईनासा होतो.

बरं झालं, विचारून ठेवलं. आज ज्या दवाखान्यात गेलो तिथे ‘दातांचा संसर्ग असेल’ म्हणून अँटिबायोटिक लिहून दिलं आणि सूज उतरायला स्टेरॉइडचं इंजेक्शन भरायलाही घेतलं. मी नको म्हटलं. कारण सांगितलं. त्यांना आवडलं नाही. आम्ही तशाच परत आलो. दारातून बाहेर पडताना माझे पाय कापत होते. ओवीनं मात्र पायरीशी थांबून मला पायरी दाखवली, रोजच्यासारखी.

१२ जानेवारी

मोठ्या रुग्णालयात, प्राण्यांच्या कर्करोगतज्ज्ञांकडे. बारीक सुईनं दोन ठिकाणचे नमुने घेतले, गुडघ्यामागच्या आणि खांद्यापुढच्या गाठीतले. जबड्याखालच्या गाठीतून घेतला नाही, कारण त्या ग्रंथी दातांच्या, हिरड्यांच्या किरकोळ दुखण्यानंही सुजतात. डॉक्टर ज्या शांतपणे प्रत्येक गोष्ट आधी सांगून मग करत होत्या, ते मला फार मोलाचं वाटलं. खोलीत कोण कुठे उभं आहे, हातात काय आहे, हे न सांगता काम करणाऱ्यांची मला धास्ती असते.

१६ जानेवारी

लिम्फोमाच. शरीरभर ग्रंथी सुजणारा, कुत्र्यांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. पांढऱ्या पेशींच्या दोन जातींपैकी बी पेशींचा आहे, टी पेशींचा नाही. त्यातल्या त्यात ही बरी बातमी. रक्तातलं कॅल्शियम ठीक. छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, हृदयाचा इको असं सगळं एका दिवसात उरकलं. यकृत आणि प्लीहेतही रोगाच्या खुणा आहेत, म्हणजे चौथी पायरी. पण ती खातेपिते, खेळते, ताप नाही, त्यामुळे त्या पायरीपुढे ‘अ’ लागतो. ‘ब’ म्हणजे आजारी वाटणारं जनावर.

आकडे मी स्वतःहून विचारले. उपचार न केल्यास साधारण ४ ते ६ आठवडे. फक्त प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या तर १ ते २ महिने. चार औषधांची केमोथेरपी केली तर १० पैकी ८-९ कुत्र्यांमध्ये गाठी मागे हटतात, ज्याला रेमिशन म्हणतात, आणि बी पेशींच्या प्रकारात आयुष्य साधारण वर्षभराचं मिळतं. काहींना दोन वर्षंही. रोग बरा होण्याची गोष्ट डॉक्टरांनी केली नाही. मीही तो प्रश्न विचारला नाही.

रात्री झोप येईना म्हणून स्क्रीन रीडर लावून वाचत बसले. गोल्डन रिट्रीव्हरमध्ये हा रोग बराच आढळतो. अमेरिकेत २०१२ पासून ३,००० हून जास्त गोल्डन रिट्रीव्हरांचा आयुष्यभर पाठपुरावा करणारा एक अभ्यास चालू आहे, आणि त्यात लिम्फोमावर खास लक्ष आहे. माझ्या पायाशी झोपलेलं हे रेशमी कानांचं बाळ अशा आजाराच्या वारशासह जन्माला आलं असेल, हे वाचून काही दिलासा मिळाला नाही. पण ‘मी काय चुकले’ हा प्रश्न जरा मागे सरला.

१८ जानेवारी

ठरलं. १९ आठवड्यांची केमो. १६ वेळा औषध, मध्ये तीन आठवडे सुट्टी.

केंद्राशी बोलले. उपचार चालू असेपर्यंत हार्नेस बंद. त्यांचं म्हणणं मला पटलं, तरी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

तयारीची यादी:

औषधांच्या बाटल्यांना रबर बँड. प्रेडनिसोलोनला एक, उलटी थांबवणाऱ्या गोळीला दोन, जुलाबाच्या औषधाला तीन. ब्रेल पट्ट्याही चिकटवल्या, पण पहाटे अर्धवट झोपेत रबर बँडच कामाला येतो.

बोलणारा थर्मामीटर. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०३ च्या वर गेलं की घड्याळ न बघता फोन करायचा.

बोलणारा वजनकाटा. ओवीला ‘थांब’ म्हटलं की ती त्यावर पुतळ्यासारखी उभी राहते.

हातमोज्यांचा मोठा खोका. औषधं लघवी-शीतून बाहेर पडतात, म्हणून प्रत्येक खेपेनंतर तीन दिवस सगळं मोजे घालूनच उचलायचं, दोन पिशव्या, हात धुवायचे. घरी कुणी गरोदर बाई किंवा लहान मूल आलं तर या दिवसांत त्यांना त्यापासून लांब ठेवायचं.

आणि मण्यांची दोरी. ही माझी कल्पना. गाठींचा आकार डोळस माणूस पट्टीनं मोजतो. मला रोजच्या रोज तुलना करायला काहीतरी बोटांना कळणारं हवं होतं. धाकटीनं एक, दोन, तीन, चार सेंटिमीटरचे लाकडी मणी क्रमानं एका दोरीत ओवून दिले. एका हातात गाठ, दुसऱ्या हातात मणी. आजचं माप: जबडा ३, खांदा ४, गुडघा ३.

२० जानेवारी, शुक्रवार. पहिला आठवडा

विनक्रिस्टिन. शिरेतून, मोजून दोन मिनिटं. हे औषध सदाफुलीतून मिळतं, असं डॉक्टर म्हणाल्या. माझ्या खिडकीतल्या कुंडीत सदाफुली आहे. घरी आल्यावर तिच्या पानांवरून बोट फिरवलं. जाड, तुकतुकीत पानं. इतकी वर्षं नुसतं पाणी घालत होते.

प्रेडनिसोलोनही सुरू. रोज, खाल्ल्यावर, चार आठवड्यांत कमी कमी करत थांबवायचं.

२३ जानेवारी

जबडा १. खांदा २. गुडघ्यामागे काही लागलंच नाही. मी चार वेळा चाचपलं. मग धाकटीला हाक मारून तिचं बोट धरून तिथे लावलं.

‘ताई, नाहीये गं काही.’

तीन दिवसांत! डॉक्टरांनी सांगितलं होतं असं होऊ शकतं, तरी हाताला पटायला वेळ लागला.

दुसरी बाजू. स्टेरॉइडमुळे ओवी भांडीच्या भांडी पाणी पितेय आणि पहाटे तीनला माझा पाय बैठकीच्या खोलीत ओल्यात पडला. पाच वर्षांत हिनं घरात एकदाही घाण केलेली नाही. हे कुत्रे आज्ञेवर, ठरलेल्या शब्दावर लघवी करायला शिकलेले असतात. रस्त्यात, ऑफिसात, प्रवासात तासन्‌तास थांबतात. ती कुठे आहे ते कळेना. हाक मारली तर आली नाही. शेवटी पलंग आणि भिंतीच्या मधल्या अरुंद जागेत सापडली, तोंड भिंतीकडे. कान मागे चिकटलेले. मी तिथेच जमिनीवर बसले आणि तिची मान मांडीवर घेतली. पुसायचं नंतर पुसलं.

आजपासून रात्री बारा आणि तीनचा गजर. तिला विचारायचं नाही, सरळ बाहेर न्यायचं.

२७ जानेवारी. दुसरा आठवडा

रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी ठीक. सायक्लोफॉस्फामाइडच्या गोळ्या. तोडायच्या नाहीत, कुटायच्या नाहीत. या औषधाचा एक घटक मूत्राशयात साचून राहिला तर आतल्या अस्तराला भाजल्यासारखं करतो आणि लघवीतून रक्त येतं. म्हणून लघवी वाढवणारं औषध सोबत, आणि दिवसभर दर दोन तासांनी बाहेर. लघवीचा रंग मला कळणार नाही. धाकटीनं पांढऱ्या टिश्यूवर टिपून पाहायचं ठरवलं. ती कामावर असते तेव्हा फोनवरून व्हिडिओ. लाल नाही, गुलाबी नाही, असं तिनं आज सहा वेळा सांगितलं.

३० जानेवारी

ऑफिसला काठी घेऊन गेले. पाच वर्षांनंतर पहिल्यांदाच सलग.

लोकांना वाटतं काठी आणि कुत्रा एकच काम करतात. मुळीच नाही. काठी अडथळ्याला लागते तेव्हा तो कळतो. कुत्रा अडथळ्याला वळसा घालून नेतो आणि तिथे काही होतं हे तुम्हाला कळतच नाही. आज त्याच रस्त्यावर काठी खांबामागून खांबाला आदळत होती. मी मोजले, अकरा. वळणाच्या आधी ओवी नेहमी अर्धं पाऊल डावीकडे सरकायची. मला ती तिची लकब वाटायची, मी तिला त्यावरून लाडानं चिडवायचेही. तिथे चौथा खांब आहे.

घरून निघताना मी काठी उघडली, त्या खटक्यावर ती उठून आली. हार्नेस खुंटीवर होता. तिनं खालून त्याला नाक लावलं, दांडा भिंतीवर वाजला. मी ‘नाही बाळा’ म्हटलं आणि दार ओढून घेतलं. संध्याकाळी आले तेव्हा ती दारामागच्या पायपुसण्यावरच होती. धाकटी म्हणाली, दिवसभर तिथून हलली नाही.

१० फेब्रुवारी. चौथा आठवडा

डॉक्सोरुबिसिन. ज्याला मी सगळ्यांत जास्त घाबरत होते. रंगानं लालभडक, असं धाकटी म्हणाली. शिरेबाहेर एक थेंब जरी गळला तरी तिथलं मांस जळतं, म्हणून नवी, पक्की बसवलेली सुई हवी आणि औषध सावकाश, २०-२५ मिनिटं सोडायचं. एकूण मात्रा वाढत गेली की हृदयाचा स्नायू कमजोर होतो, म्हणूनच आधी इको केला होता.

‘झोपेचं औषध द्यावं लागेल का?’ डॉक्टरांनी विचारलं. मी ओवीला ‘खाली’ म्हटलं, ‘थांब’ म्हटलं. पंचवीस मिनिटं तिनं पंजा हलवला नाही. नर्स म्हणाली असा पेशंट आम्ही पाहिला नाही. मला अभिमान वाटला.

१६ फेब्रुवारी

सकाळी वाटीकडे आली आणि तशीच मागे फिरली. हिरड्यांना बोट लावलं तर ओलसर लागायच्या ऐवजी चिकट लागल्या. अंगात पाणी कमी आहे याची ही खूण मला हाताला कळते. थर्मामीटर बोलला: १०३.९. पाठोपाठ पुन्हा लावला. १०४.

पस्तिसाव्या मिनिटाला रुग्णालयात. न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ४८०. औषध द्यायला किमान १,५०० लागतात. केमोनंतर साधारण आठवड्याभरानं त्या तळाला जातात, आणि आतड्यातले स्वतःचेच जंतू रक्तात शिरतात. सलाइन, शिरेतून अँटिबायोटिक, दोन रात्री तिथेच.

तिला ठेवून घरी यायचं होतं. काठी घेऊन रुग्णालयाच्या पायऱ्या उतरताना मला तोल सापडेना. डाव्या हाताला काय करायचं तेच कळत नव्हतं.

एक गोष्ट राहूनराहून टोचतेय. काल संध्याकाळी ती अंगणात माझ्या पुढे चालत होती, शेपटी हलवत. बेल वाजल्यावर उठून दारापर्यंतही आली. मी वहीत लिहिलं होतं: ‘तब्येत छान.’

१८ फेब्रुवारी

घरी. ताप उतरला, न्यूट्रोफिल २,३००. पुढच्या वेळी डॉक्सोरुबिसिनची मात्रा सुमारे २० टक्के कमी करणार.

वहीत बदल. ‘तब्येत कशी’ हा रकाना काढून टाकला. त्याऐवजी फक्त मोजता येतील अशा गोष्टी: झोपेत मिनिटाला श्वास किती (फासळ्यांवर तळवा ठेवून, ३० च्या आत हवेत), सकाळ-संध्याकाळ तापमान, वजन, वाटी किती रिकामी झाली, हिरड्या ओल्या की चिकट, शी घट्ट की सैल, मणी. शेपटीची नोंद ठेवायची नाही. ती शेपटी माझ्यासाठी हलवते.

१२ मार्च, रविवार

हे लिहायला जड जातंय.

तीन आठवडे सगळे आकडे चांगले होते. रक्तही चांगलं. डॉक्टर म्हणाल्या, थोडं हलकं काम तिला आवडेल, हरकत नाही. केंद्रानंही एका छोट्या, ओळखीच्या, शांत वाटेला होकार दिला. आज सकाळी खुंटीवरून हार्नेस काढला. दांड्याचा आवाज होताच ती धावत आली, मी वाकायच्या आत तिनं स्वतःच डोकं आत घातलं. पट्टा जुन्या भोकात बसला. मी हसत होते आणि रडतही होते.

वीस मिनिटांची वाट. ओढ पहिल्यासारखी, अगदी पहिल्यासारखी. कडेला थांबली, वळली, खांबाआधी अर्धं पाऊल डावीकडे. एकही चूक नाही.

घरी आल्यावर हार्नेस उतरवला आणि ती जागच्या जागी बसली. पाण्यापर्यंतही गेली नाही. मग साडेपाच तास झोपली. झोपेतला श्वास मिनिटाला ३८. दोन तासांनी ३६. संध्याकाळी सहाला २८.

म्हणजे वीस मिनिटं ती जे करत होती त्यातलं काहीही मला दांड्यात कळलं नाही. पाच वर्षं मी ज्या दांड्यावर डोळ्यांसारखा विश्वास ठेवला, त्यातून रस्ता कळतो. ती कळत नाही. डिसेंबरात ओढ कमी झाली होती तीही, आता वाटतं, तिनं थकवा शक्य तितका लपवल्यानंतरच.

ती काम करू शकते, म्हणून ती बरी आहे, असं मी आजवर धरून चालले. काम करणं ही तिची शिकवण आहे, आणि आता स्वभाव. आंधळ्या माणसाला गाडीपुढे नेऊ नये म्हणून आज्ञा मोडायला या कुत्र्यांना शिकवतात. स्वतःसाठी आज्ञा मोडायला कुणी शिकवत नाही.

१३ मार्च

केंद्राला कळवलं. ओवी निवृत्त. मी स्वतः सांगितलं, त्यांनी सांगायची वाट पाहिली नाही.

मॉरिस फ्रँक आठवला. १९२८ मध्ये स्वित्झर्लंडहून बडी नावाची कुत्री घेऊन अमेरिकेत परतलेला तरुण. तिथल्या मार्गदर्शक कुत्र्यांच्या चळवळीची सुरुवात या दोघांपासून झाली. १९३८ मध्ये बडी गेली. त्यानंतरच्या प्रत्येक कुत्र्याचं नाव त्यानं बडीच ठेवलं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं. नवीन कुत्र्यावर अन्याय वाटला होता. आज तसं वाटलं नाही. पण मी तसं करणार नाही. ओवी एकच.

१७ मार्च ते १४ एप्रिल

थोडक्यात. सगळी औषधं वेळेवर. कमी केलेल्या मात्रेनं ताप आला नाही. ७ एप्रिलनंतर दोन दिवस जुलाब, औषधानं थांबले. मिशा गळल्या, अंगावरचे लांब केस विरळ झाले. कानांमागचा रेशमी झुपका राहिलाच नाही. मणी: कुठेच काही नाही.

दुपारचं फिरणं आता साध्या पट्ट्यावर, हार्नेसशिवाय. उजव्या हातात माझी काठी, डाव्या हातात ती. सुरुवातीला ती काठीच्या आणि माझ्या मध्ये येऊन मला अडवायची. काठीवर तिचा विश्वास नव्हता.

२१ एप्रिल. चौदावा आठवडा

तिसरं डॉक्सोरुबिसिन. ‘खाली, थांब.’ ती पडून राहिली. आज मी तिच्या बाजूला जमिनीवर बसले आणि मांडीच्या आतल्या बाजूची नाडी धरली. बोलणाऱ्या घड्याळावर मोजली. १६०. घरी झोपेतून उठल्यावर ती ८० च्या आसपास असते. अंग दगडासारखं स्थिर आणि आत एवढी धडधड. फेब्रुवारीत मला ज्याचा अभिमान वाटला होता ते हेच होतं. डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी लगेच ठोके ऐकले, ताल नियमित आहे म्हणाल्या. औषधामुळे नव्हे, भीतीनं असावं. पुढच्या खेपेला आधी सौम्य गुंगीचं औषध द्यायचं ठरलं. मी हे पहिल्याच दिवशी मागायला हवं होतं.

२६ मे

एकोणिसावा आठवडा. शेवटचं औषध. गुंगीत घोरत पडली होती, जीभ बाहेर. नर्सनं सांगितलं तेव्हा मी जिभेला हात लावून पाहिला. ऊबदार, ओली, सैल. नाडी ९२.

जून ते नोव्हेंबर

महिन्याला एक तपासणी. रोज मणी. लिहिण्यासारखं काही नाही, आणि हे सहा महिने मी कुणालाही देणार नाही. केस परत आले, आधीपेक्षा मऊ. ती बागेत गवतावर पाठ घासायची. कामाच्या वर्षांत असलं काही करायला तिला वेळच मिळाला नव्हता. एकदा चिखलात लोळून आली. मी रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं.

४ डिसेंबर, सोमवार

डावा खांदा: २.

संध्याकाळी पुन्हा: २. उजवा: १.

८ डिसेंबर

रोग परतला. डॉक्टरांनी पर्याय मांडले. तीच औषधं पुन्हा. सहा महिने औषधाविना गेले, म्हणून ती पुन्हा लागू पडतील अशी चांगली आशा आहे, हृदयाला सोसेल इतकी डॉक्सोरुबिसिनची मात्राही उरली आहे. पण दुसरं रेमिशन बहुधा पहिल्याच्या निम्मंच टिकतं. किंवा लोमुस्टिन या वेगळ्या केमो औषधाची गोळी, तीन आठवड्यांनी एकदा. यकृतावर आणि पांढऱ्या पेशींवर ताण. किंवा फक्त प्रेडनिसोलोन.

धाकटी आणि मी रात्री उशिरापर्यंत बोलत होतो. तिला पुन्हा पूर्ण उपचार हवे आहेत.

‘ताई, किती शांत पडून असते ती सलाइनला. तिला त्रास होतो असं कधी वाटलं तरी का?’

मी वही उघडली आणि २१ एप्रिल तिला वाचून दाखवला. १२ मार्चही. ती रडली, मग म्हणाली, ‘गुंगी दिल्यावर तर घाबरली नव्हती ना?’ बरोबर आहे तिचं. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आहेत ती कारणं छोटी आहेत: आठवड्याच्या फेऱ्या, पेशी तळाला गेल्यावर बागेत जायची बंदी, भिंतीकडे तोंड करून बसलेली ती रात्र. आणि हे की ती कधीही ‘पुरे’ म्हणणार नाही. ते मलाच म्हणावं लागेल.

सकाळपर्यंत आम्ही दोघी प्रेडनिसोलोनवर आलो. धाकटी मनापासून आली की माझ्यासाठी आली, ते मला अजून कळलेलं नाही.

१० डिसेंबर

डॉक्टरांबरोबर बसून तीन ओळी ब्रेलमध्ये लिहून फ्रिजवर लावल्या. सलग दोन वेळा वाटीला तोंड लावलं नाही. झोपेतला श्वास ४० च्या वर. उठून बाहेर जाता आलं नाही. यातल्या कोणत्याही दोन झाल्या की डॉक्टर घरी येतील. त्या दिवशी चर्चा करायची नाही, आकडे पुन्हा मोजायचे नाहीत. शेपूट हलतेय का ते विचारायचं नाही.

१४ जानेवारी २०२४, रविवार

वजन २५.६. मणी: जबडा २, खांदा ३, गुडघा २. श्वास २४. हिरड्या ओल्या. वाटी रिकामी, नंतर माझ्या हातूनही थोडं.

दुपारी काठी उघडली तर खटक्यावर ती उठली. पट्टा लावला. तिच्या चालीनं, मध्ये दोनदा थांबत, वळणापर्यंत गेलो. काठी मी उजवीकडे अंगाशी धरली होती, टेकवत नव्हते. चौथा खांब जवळ आला असावा, कारण डाव्या हातातला पट्टा हलकेच बाजूला गेला. अर्धं पाऊल.